सिस्टरच्या हातात मोबाइल का असतो?

खाटेपाशी उभ्या सिस्टर मोबाइल किंवा टॅबवर काही टिपत असतील, तर त्या चॅटिंग करत आहेत असा समज लगेच करून घेऊ नका. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत उपनगरांतल्या काही रुग्णालयांत ताप, नाडी, रक्तदाब, सलाईन, लघवीचे प्रमाण या नोंदी आता तिथल्या तिथे संगणकात जातात. आधी चिठ्ठीवर टिपून ड्युटी संपताना फाइलमध्ये उतरवताना आकडा चुकू शकतो. शिवाय तोवर तो डॉक्टरांना दिसत नाही.

खरा फायदा औषध देताना होतो. काही ठिकाणी रुग्णाच्या मनगटावरील पट्टीचा बारकोड स्कॅन करून औषध त्याचेच आहे ना, हे तपासतात. म्हणून पट्टी काचते म्हणून कापून टाकू नका. हाताला सूज आली, तर सिस्टरना सांगून दुसऱ्या हातावर नवी बांधून घ्या. दर वेळी नाव विचारले तरी वैतागू नका, पूर्ण नाव सांगा. पेनिसिलीनसारख्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर ‘मोबाइलमध्ये असेलच’ असे गृहीत न धरता तोंडीही सांगा.

जखमेचा फोटो काढला जात असेल, तर तो कशासाठी आणि कुठे साठवला जाणार, हे जरूर विचारा. तो कुणाच्या खासगी फोनमध्ये राहता कामा नये.

नोंदी कागदावर नसल्या तरी त्यांची प्रत मागता येते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.