धावफलक व क्रीडा-दिनविशेष (नागपूर)

वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठावर सामन्याचा जो आकडेवार हिशेब छापला जातो त्याला धावफलक म्हणतात, आणि त्याच पृष्ठाच्या एखाद्या कोपऱ्यात, त्या तारखेला पूर्वी मैदानावर काय घडले होते याची आठवण देणाऱ्या चौकटीला क्रीडा-दिनविशेष म्हणतात. पहिला प्रकार बातमीचा आणि दुसरा इतिहासाचा मानला जात असला, तरी दोन्हींचा माल एकच असतो. कालचा धावफलक शिळा झाला की काही वर्षांनी तोच दिनविशेष होतो, आणि धावफलकात जे उतरत नाही ते दिनविशेषातही सहसा येत नाही. नागपूर शहरात १९६९पासून आंतरराष्ट्रीय सामने होत आले असल्याने आणि विदर्भाचा स्वतंत्र संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत असल्याने, या दोन्ही प्रकारांचा परस्परसंबंध तपासण्यास तेथील सामने सोयीचे आहेत.

या हिशेबाचा उगम इंग्लंडमधील क्रिकेटच्या गुणपत्रकात असला, तरी दैनिक वृत्तपत्राचे नित्याचे सदर म्हणून तो सर्वाधिक रुजला अमेरिकेतील बेसबॉलमध्ये. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८२४ साली जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला हेन्री चॅडविक हा मूळचा क्रिकेटचा वार्ताहर; त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर १८५९च्या सुमारास बेसबॉलचा तक्ता रचला, आणि चेंडू फेकणाऱ्याने फलंदाजाला तीन संधींत बाद केल्याची खूण म्हणून त्याने योजलेले 'के' हे अक्षर आजही वापरले जाते. १८६९ साली सिनसिनाटी येथे उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला बेसबॉल संघ उभा राहिला; त्याचा सूत्रधार हॅरी राइट हाही जन्माने इंग्रज आणि आधीच्या काळात क्रिकेटचा व्यावसायिक खेळाडू होता. व्यावसायिक बेसबॉलच्या आजच्या हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक सामना आणि रोज एक तक्ता. त्यामुळे रोजची बातमी व त्या तारखेचा इतिहास एकाच सदरात देण्याची पद्धत त्या खेळाला सहज मानवली. क्रिकेटचा सामना पाच-पाच दिवस चालत असल्याने भारतीय वृत्तपत्रांना 'दुसऱ्या दिवसअखेर' असा अर्धवट हिशेब छापण्याची सवय लावून घ्यावी लागली.

मराठी धावफलकाची परिभाषा हा स्वतंत्र विषय आहे. पायचीत, यष्टिचीत व त्रिफळाचीत या शब्दांतील 'चीत' हे पद कुस्तीच्या आखाड्यातून आले, तर 'गडी' आणि 'डाव' हे शब्द हुतूतू, खो-खो यांसारख्या खेळांत आधीपासून रुळलेले होते. परका खेळ स्वीकारताना मराठीने त्याच्या पराभवाची भाषा मात्र आपल्या मातीतून घेतली, ही गोष्ट कौतुकाची म्हटली पाहिजे. छपाईत जागा वाचावी म्हणून 'झे. द्रविड गो. कुंबळे' असे लिहिले जाते आणि त्याचा अर्थ द्रविडने झेल घेतला व गोलंदाज कुंबळे होता असा होतो. झेल आणि गोलंदाजी एकाचीच असेल तर 'झे. व गो.' असे लिहितात. गोलंदाजाच्या नावापुढील चार आकडे क्रमाने षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा आणि घेतलेले गडी दर्शवतात. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४मध्ये मद्रास येथील कसोटीत इंग्लंडविरुद्ध एका डावात नोंदवलेले ३२-२७-५-० हे पृथक्करण या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय; त्यातील लागोपाठची २१ षटके निर्धाव होती, मात्र ती सलग होती हे या चार आकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी सोबतची बातमी वाचावी लागते.

नागपूरच्या वृत्तपत्रसृष्टीत या मजकुराला जागा मिळत गेली ती टप्प्याटप्प्याने. 'हितवाद' हे इंग्रजी पत्र १९११पासून, 'तरुण भारत' १९४४पासून ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली आणि 'लोकमत' दैनिक स्वरूपात १९७१पासून येथून निघू लागले. वृत्तसंस्थांचा मजकूर टेलिप्रिंटरवर येत असे त्या काळात दूरच्या सामन्याचा धावफलक तुकड्यातुकड्यांनी हाती पडे आणि उपसंपादकाला तो जुळवून, नावांचे मराठी लेखन ठरवून, बेरीज तपासून मगच खिळे जुळवणाऱ्याकडे द्यावा लागे. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा भागांकडे जाणारी डाक आवृत्ती रात्री लवकर छापली जात असल्याने वेस्ट इंडीज किंवा इंग्लंडमधील सामन्याचा शेवट तिच्यात मावत नसे. तेथे 'वृत्त लिहिस्तोवर' या शब्दांनी सुरू होणारी अपुरी धावसंख्या येई, आणि पूर्ण धावफलक शहर आवृत्तीच्या वाचकाला मिळे. परिणामी एकाच तारखेच्या एकाच पत्रात एका सामन्याची दोन रूपे नोंदली गेली आहेत, आणि जुन्या फायलींवरून दिनविशेष तयार करणाऱ्याने आपल्या हाती कोणती आवृत्ती आहे हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

नागपूरच्या दिनविशेषात ३१ ऑक्टोबर या तारखेइतकी भरलेली दुसरी तारीख क्वचितच सापडेल. १८९५ साली याच दिवशी नागपुरात कोट्टारी कनकय्या ऊर्फ सी. के. नायडू यांचा जन्म झाला. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी पाहुण्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार मारले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्स येथे भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात ते कर्णधार होते आणि पहिल्या डावातील त्यांच्या ४० धावा हीच त्या डावातील भारताची सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती. पुढे ते इंदूरला होळकरांच्या सेवेत गेले व १९६७ साली तेथेच त्यांचे निधन झाले, त्यामुळे इंदूर व नागपूर ही दोन्ही शहरे त्यांच्यावर हक्क सांगतात. जुन्या छापील धावफलकात फलंदाजाचे नाव, बाद होण्याचा प्रकार आणि धावा एवढेच सामान्यतः असे. चौकार-षटकारांचे व खेळलेल्या चेंडूंचे रकाने नंतर आले. अशा काळातील ११ षटकार स्मरणात राहिले ते रकान्यांपेक्षा वृत्तान्ताच्या गद्यामुळे, हे आकड्यांवर अतिविश्वास ठेवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

नायडूंच्या जन्मानंतर बरोबर ९२ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर विश्वचषक स्पर्धेतील भारत-न्यूझीलंड सामना झाला. न्यूझीलंडने ५० षटकांत ९ बाद २२१ धावा केल्या, आणि भारताने १ गडी गमावून ३२.१ षटकांत २२४ धावा करून सामना जिंकला. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जाऊन उपांत्य सामना मुंबईत खेळायचा तर भारताला हे लक्ष्य ४२.२ षटकांत गाठणे आवश्यक होते. ही अट धावफलकात कोठेच दिसत नाही, पण सुनील गावसकरांच्या ८८ चेंडूंतील नाबाद १०३ धावांचे कारण तीच होती. एकदिवसीय सामन्यांतील हे त्यांचे एकमेव शतक होय. न्यूझीलंडच्या डावात चेतन शर्माने विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी, नोंदवली. केन रुदरफोर्ड, इयन स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड हे तिघेही त्रिफळाचीत झाले. पण धावफलकात ही हॅटट्रिक सहज दिसत नाही, कारण फलंदाजांची यादी खेळायला येण्याच्या क्रमाने छापली जाते, बाद होण्याच्या नव्हे. शर्माच्या पृथक्करणात शेवटचा आकडा ३ एवढाच दिसतो, आणि तीन बळी हे अनेकांना मिळतात. हॅटट्रिकचा मागमूस लागतो तो 'बाद क्रम' या सर्वांत बारीक टायपातल्या ओळीत, जेथे सहावा, सातवा आणि आठवा गडी एकाच धावसंख्येवर पडलेला दिसतो. तीही केवळ सूचना असते. तेवढ्यावरून हॅटट्रिक सिद्ध होत नाही.

याच मैदानावर ऑक्टोबर १९६९मध्ये नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला होता आणि त्यात न्यूझीलंडने १६७ धावांनी विजय मिळवून भारतातील आपला पहिला कसोटी विजय नोंदवला होता. त्यामुळे न्यूझीलंड व नागपूर हे नाते दिनविशेषात पुन्हापुन्हा येत राहते.

वर्धा मार्गावरील जामठा येथे २००८ साली नवे मैदान सुरू झाल्यावर तेथील पहिल्याच कसोटीत, ६ ते १० नोव्हेंबर २००८ या काळात, भारताने ऑस्ट्रेलियाला १७२ धावांनी हरवले. पदार्पण करणारा ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाज जेसन क्रेझा याने पहिल्या डावात २१५ धावांत ८ आणि सामन्यात एकूण १२ बळी घेतले, मात्र त्यानंतर त्याला आणखी एकच कसोटी खेळायला मिळाली. हा सौरव गांगुलीचा अखेरचा कसोटी सामना होता; पहिल्या डावात ८५ धावा केल्यावर दुसऱ्या डावात 'झे. व गो. क्रेझा ०' अशी ओळ त्याच्या नावापुढे छापली गेली. सामन्याच्या शेवटी महेंद्रसिंग धोनीने काही षटकांपुरते नेतृत्व गांगुलीकडे सोपवले होते, पण धावफलकात कर्णधाराची खूण धोनीच्या नावापुढेच आहे आणि ती काढण्याची सोय या पद्धतीत नाही.

खेळपट्टीची स्थितीही अशीच रकान्याबाहेर राहते. ऑक्टोबर २००४मध्ये जुन्या मैदानाच्या हिरवट खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने भारताचा ३४२ धावांनी पराभव करून ३५ वर्षांनंतर भारतातील मालिका जिंकली. त्याउलट नोव्हेंबर २०१५मध्ये जामठ्याच्या फिरकीला धार्जिण्या खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, रविचंद्रन अश्विनने सामन्यात १२ गडी बाद केले, भारत तिसऱ्याच दिवशी १२४ धावांनी जिंकला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीवर 'खराब' असा शेरा मारला. चार महिन्यांच्या आत, १५ मार्च २०१६ रोजी, त्याच मैदानावर विश्व ट्वेंटी-२० स्पर्धेत न्यूझीलंडच्या १२६ धावांचा पाठलाग करताना भारताचा डावही नेमका ७९ धावांत संपला. दिनविशेष तारखेने बांधलेला असल्याने हे दोन ७९ त्यात कधीच शेजारी येत नाहीत. त्यासाठी मैदानवार नोंद ठेवणारा वेगळा संग्राहक लागतो. अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेल्या बेसबॉल संशोधन संस्थेने हेच काम पद्धतशीरपणे हाती घेतले आणि त्यातून आकडेशास्त्राची एक शाखाच उभी राहिली.

देशांतर्गत क्रिकेटच्या बातम्या वाचताना नागपूरबाहेरील वाचकाचा एक गोंधळ होतो. महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन स्वतंत्र संघ रणजी करंडकासाठी खेळतात, त्यामुळे 'विदर्भाची महाराष्ट्रावर मात' हा मथळा राजकीय नसून निव्वळ क्रीडाविषयक असू शकतो. मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ १९३०च्या दशकात या स्पर्धेत उतरत असे. राज्यांच्या पुनर्रचनेनंतर १९५७-५८च्या हंगामापासून विदर्भ या नावाने संघ खेळू लागला आणि पुढची सहा दशके त्याची नोंद धावफलकाच्या तळाशी, 'इतर सामने' या शीर्षकाखाली होत राहिली. वलनी या कोळसा खाणीच्या गावातून आलेला उमेश यादव २०११ साली कसोटी खेळला, तेव्हा विदर्भ संघातून भारताच्या कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू ठरला.

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला ९ गडी राखून हरवत विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी ही नावे दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सर्व पत्रांच्या पहिल्या पानावर होती, आणि एरवी शेवटच्या पानांत राहणारा धावफलकही त्यांच्यासोबत पुढे सरकला. पुढच्याच हंगामात, ७ फेब्रुवारी २०१९ रोजी, जामठा येथे सौराष्ट्रावर ७८ धावांनी विजय मिळवून संघाने करंडक राखला. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने त्या सामन्यात ११ गडी बाद केले. याउलट, शहरातील क्लब संघांच्या गुझदर लीगसारख्या स्पर्धांचे निकाल 'संक्षिप्त धावफलक' या दोन-तीन ओळींच्या पट्टीत येतात, ज्यात प्रत्येक संघाची धावसंख्या आणि चार-पाच नावे एवढेच मावते. स्थानिक खेळाडूच्या घरी कात्रण म्हणून जपली जाते ती ही पट्टी, आणि पुढे तो मोठा झाला तर चरित्रलेखक सर्वांत आधी तिचाच शोध घेतात.

२ मार्च २०२५ रोजी जामठा येथे संपलेल्या रणजी अंतिम सामन्याच्या धावफलकात विदर्भ ३७९ व ९ बाद ३७५, केरळ ३४२ अशा धावसंख्या आहेत आणि खाली 'सामना अनिर्णित' असे लिहिलेले आहे. नियमानुसार पहिल्या डावातील आघाडीवर, म्हणजे ३७ धावांवर, विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. दानिश मालेवारच्या १५३ आणि करुण नायरच्या ८६ व १३५ धावा त्यात दिसतात, केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाल्याचेही दिसते. पण हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन एका हंगामातील सर्वाधिक बळींचा रणजी विक्रम केला, हे त्या सामन्याच्या धावफलकात शोधून सापडणार नाही, कारण ती बेरीज अनेक शहरांतील अनेक दिवसांच्या धावफलकांतून करावी लागते.