पोथीतले छिद्र आणि पडद्यावरचे फडताळ

२०१० साली ॲपल कंपनीचे आयपॅड बाजारात आले तेव्हा त्यातल्या पुस्तकांच्या ॲपमध्ये एक लाकडी फडताळ होते. लाकूड अर्थातच खोटे, पडद्यावर रंगवलेले. पण त्याला लाकडाच्या रेषा होत्या, कप्प्यांना सावली होती, आणि पुस्तक उघडून बोट सरकवले की पान कोपऱ्यातून दुमडत उलटत असे. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने आपल्या फोनचे सारे रूप पालटले. सावल्या गेल्या, उठाव गेला, बटणे जाऊन नुसते शब्द उरले. दोनेक महिन्यांत फडताळही गेले आणि पांढऱ्या पटावर पुस्तकांची मुखपृष्ठे तेवढी राहिली. या पद्धतीला सपाट मांडणी म्हणतात. वाचकांत लगेच तट पडले. खोट्या लाकडाचा तमाशा एकदाचा संपला म्हणून कित्येकांना हायसे वाटले, तर कित्येकांना आपले वाचनालय कोणी चुना फासून रिकामे केल्यासारखे वाटले. तिसरा एक वर्ग होता, त्याला लाकडाशी काही देणेघेणे नव्हते. त्याची तक्रार एवढीच होती की अक्षरे बारीक झाली आहेत आणि दाबायचे कुठे ते कळत नाही. मार्च २०१४ च्या सुधारणेत बटणांना पुन्हा आकार देण्याची सोय आली, ती या तिसऱ्या वर्गाच्या कामाची. फडताळ मात्र परत आले नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हे फडताळ नव्हे. ज्या वाचकांच्या चार-पाच पिढ्यांनी अशीच कुरकुर आधी करून ठेवली आहे, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. त्यातले बरेच आपले मराठी वाचक आहेत आणि थोडे माझ्या जैन समाजातले.

खोट्या फडताळाचा आजोबा आपल्याला जैन हस्तलिखितांत भेटतो. ताडपत्राचे पान लांबट आणि अरुंद, कारण झाडाचे पानच तसे. पाने विस्कटू नयेत म्हणून मध्ये भोक पाडून त्यातून दोरा ओवीत. पुढे पश्चिम भारतात कागद आला. कागद हवा तसा कापता येतो, त्याला भोक पाडण्याची गरज नाही. तरीही लेखकांनी तो लांबट आणि आडवाच कापला, आणि जिथे छिद्र असायचे ती जागा मोकळी सोडली. काही पोथ्यांत तर त्या मोकळ्या जागी लाल किंवा निळ्या रंगाचा गोल ठिपका काढलेला असतो, कल्पसूत्राच्या सचित्र प्रतींत त्यावर सोनेही चढते. दोरा गेला, भोक गेले, भोकाचे चित्र राहिले. ही मंडळी अडाणी नव्हती. वाचणाऱ्याचा डोळा ज्या जागी थांबायला शिकला होता, तिथे त्याला थांबू देणे त्यांना योग्य वाटले, एवढेच.

छपाई आली तेव्हाही हेच झाले. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता छापण्याचे होते आणि पुण्यातल्या एका तांबटाने तांब्यावर अक्षरे कोरायला सुरुवात केली होती. नानांच्या पश्चात ते काम मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी तिकडे श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले, आणि १८१० मध्ये त्याचा मराठी कोश निघाला तो मोडी खिळ्यांत, कारण मराठी माणूस रोजच्या व्यवहारात मोडीच वाचतो हे केरीला दिसत होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापाचा एक गुण फारसा बोलला जात नाही: त्यात हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उमटते. म्हणजे यंत्र नवे, पण वाचकापुढे येते ते ओळखीचे हस्ताक्षर. तरीही सोवळ्यातल्या लोकांना छापील कागदाचा विटाळ वाटे. शाईत चरबी असते, ही त्यांची शंका. तिला उत्तर म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले असे सांगतात. छापील कागदाला शिवायला भिणारे भाविक १८६३ मध्येही होते, याची साक्ष गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात आहे. बत्तीस वर्षे उलटूनही भीती गेली नव्हती.

जैन समाजाची छपाईविरोधी तक्रार याहून कडक होती, आणि मला विचाराल तर अधिक विचार केलेली. शाईतली चरबी होतीच. शाई लावण्याचे रूळ सरस आणि काकवीचे केलेले, आणि सरस कातड्यातून निघतो, हेही होते. पण खरी भीती वेगळी होती. हस्तलिखित प्रत भांडारात बासनात बांधलेली असे, तिला हात कोणी लावायचा हे ठरलेले असे. श्वेतांबर परंपरेत आगम वाचण्यासाठी साधूलाही आधी विहित तप करावे लागते. छापलेली प्रत चार आण्यांना रद्दीत जाऊ शकते, पुडी बांधायला वापरली जाऊ शकते. ज्ञानाची आशातना म्हणतात ती हीच. मुंबईत भीमसिंह माणेक यांनी १८७६ पासून प्रकरणग्रंथ छापायला घेतले, सोलापूरला हिराचंद नेमचंद दोशी यांनी मराठीतून ‘जैन बोधक’ चालवले. अशा माणसांना आपल्याच लोकांचे पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. मूडबिद्रीची धवला तर कित्येक शतके केवळ दर्शनाची वस्तू होती. तिचा पहिला छापील भाग डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये निघाला, आणि तो आपल्या अमरावतीहून.

या वादावर जो तोडगा निघाला त्यात आपल्या सुरतेचा वाटा आहे. देवचंद लालभाई पुस्तकोद्धार फंड हा इथला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. त्याची आणि पुढे आगमोदय समितीची कित्येक पुस्तके मुंबईत निर्णयसागर छापखान्यात छापली गेली. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला हा छापखाना, आणि त्याची अक्षरे पाडणारे राणोजी रावजी आरू. म्हणजे पैसा आणि श्रद्धा सुरतेची, खिळे आणि हात मराठी. या पुस्तकांतली पुष्कळशी बांधीव नाहीत. आडवी, सुटी पाने, पोथीसारखी खालून वर उलटायची. ज्या यंत्रात हवे ते बांधीव पुस्तक निघाले असते, त्या यंत्रातून मुद्दाम पोथी काढली. हेही खोटे फडताळच म्हणा. पण साधू-साध्वींनी ती पाने हातात घेतली, व्याख्यानाला घेतली, आणि वाद हळूहळू विझला. मला या तोडग्यात व्यवहाराची मोठी समज दिसते.

आता त्या मांडणीत जपले काय गेले ते पाहू. जुन्या पोथ्यांत त्रिपाठ आणि पंचपाठ असे लेखनाचे प्रकार आहेत. त्रिपाठात मूळ गाथा पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात, आणि टीका तिच्या वर-खाली बारीक अक्षरात. पंचपाठात टीका दोन्ही समासांतही उतरते. समाप्तीच्या ओळी आणि आकडे तांबड्या शाईत किंवा गेरूने माखलेले. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच, बाजार बंद करण्याशी त्याचा संबंध नाही. यातले काहीही शोभेसाठी नव्हते. पान लांबून पाहिले तरी आचार्यांचे वचन कोणते आणि त्यावरचे भाष्य कोणते हे कळत असे.

भेस्तानला माझ्या दवाखान्यात येणारी माणसे बहुतेक ताप्ती लाइनने आलेल्या खानदेशी कुटुंबांतली, लूमवर आणि डाइंग मिलमध्ये काम करणारी. त्यांच्यातली वडीलधारी मंडळी आता पारायणही फोनवर करतात, अक्षर मोठे करता येते म्हणून. आमच्या स्वाध्याय-मंडळातही तेच झाले आहे. मागे एका धर्मग्रंथांच्या ॲपचे रूप बदलले. आधी गाथेभोवती केशरी चौकट होती, कोपऱ्यात वेलबुट्टी होती, टीका फिक्या रंगात होती. नव्या रूपात सगळे पांढरे आणि एका ठशाचे झाले. वेलबुट्टी गेल्याचे दुःख आठवडाभर टिकले. पण सत्तरी ओलांडलेल्या आमच्या एका काकूंनी टीकाकाराचे एक वाक्य खुद्द आचार्यांचे म्हणून मंडळात सांगितले, त्यावरून उपवास धरायला निघाल्या, आणि तेही मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना. “डॉक्टरसाहेब, शास्त्रात लिहिलंय,” म्हणाल्या. लिहिलेले होते हे खरे. कोणी लिहिलेले, एवढेच पडदा सांगत नव्हता.

माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. केंटची रेपर्टरी आम्हा होमिओपॅथांना रोज लागते. लक्षण काढले की त्यापुढे औषधांची यादी. त्या यादीत पहिल्या प्रतीचे औषध ठळक अक्षरात, दुसऱ्या प्रतीचे तिरप्या आणि तिसऱ्या प्रतीचे साध्या अक्षरात छापलेले असते. अक्षराचा ठसा हीच तिथे माहिती. उद्या कोणी हौशी माणसाने डोळ्यांना त्रास नको म्हणून सगळी यादी एका सुबक ठशात आणली, तर पान सुंदर दिसेल आणि पुस्तक निम्मे मरेल.

हीच कसोटी मराठी लेखनाला लावून पाहण्यासारखी आहे. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले: आधी चौदा, १९७२ मध्ये आणखी चार. त्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यानें’ यांच्या डोक्यावरचे टिंब गेले. मराठी पानाची ही सपाट मांडणीच. जुन्या लोकांना पान बोडके दिसू लागले. ‘नांव’ आणि ‘नाव’ यांत फरक राहिला नाही, माणसाचे नाव कोणते आणि नदीतली नाव कोणती, हा त्यांचा आवडता प्रश्न. ‘मीं’ आणि ‘मी’ यांतला विभक्तीचा भेदही बुजला. पण ज्यांनी नियम केले त्यांनी एक गोष्ट नीट केली. ‘मुलाने’ आणि ‘मुलांनी’ यांत अर्थ अनुस्वारावर अवलंबून आहे, म्हणून तिथला अनुस्वार ठेवला. ‘राज्यपालांचा’ असा आदरार्थीही ठेवला. नावेचा प्रश्न वाक्यातच सुटतो, नदी जवळ असली की नाव पाण्यातली. म्हणून हा बदल टिकला, आणि माझ्या मते टिकला ते बरे झाले.

सावरकरांच्या लिपिशुद्धीचे तसे झाले नाही. ‘अ’लाच वेलांट्या-उकार देऊन अि, अी, अु, अू अशी बाराखडी त्यांनी पुरस्कारली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वापरली. तिच्यामागचे गणित चोख होते. देवनागरी जुळाऱ्यापुढे शेकड्यांनी खिळे असतात, त्यातले काही तरी कमी झाले तर काम सोपे. टिळकांनीही खिळे कमी करण्याची खटपट केली होती. परंतु अडचण जुळाऱ्याची होती आणि ती सोसायला सांगितले वाचकाला. ‘अुत्तर’, ‘अितिहास’ वाचताना त्याच्या पदरात काहीच पडत नव्हते. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली, तीही १९५७ मध्ये मागे घ्यावी लागली. त्या प्रयोगांना विरोध करणाऱ्यांना तेव्हा सनातनी म्हटले गेले. ते सगळेच सनातनी नव्हते.

आणि आता आपल्या खिशातला पडदा. देवनागरीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा हिंदीने मुंबई वळणाचे अ, झ आणि ण घेतले, पण ल आणि श आपले ठेवले. संगणक आणि फोन आले ते बहुधा ही हिंदी वळणे घेऊन. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी प्रमाण म्हणून पुन्हा सांगितले. तरी युनिकोडमध्ये ल ला क्रमांक एकच आहे. तो कोणत्या वळणाने दिसायचा हे टंक ठरवतो, आणि टंकाला मजकूर मराठी आहे हे कोणी तरी सांगावे लागते. बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतली मुले गुजराती पाट्यांवर डोक्यावरची रेघ नसलेला ल वाचतात, पाठ्यपुस्तकात पाकळीचा गिरवतात आणि फोनवर दांड्याचा पाहतात. तिन्ही त्यांना वाचता येतात. वहीत ती कोणता काढतात, हे मी दवाखान्यात येणाऱ्या पोरांच्या वह्या मागून पाहत असतो. सध्या तरी पाकळीचा.