तपकिरी ठिपक्यांचा नकाशा

शाळेच्या पुस्तकात कॅल्शियम भेटते ते हाडे आणि दात यांच्या धड्यात. ते योग्यच आहे, कारण शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम तेथेच असते. मात्र उरलेल्या एका टक्क्याची गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. स्नायूचे आकुंचन आणि एका चेतापेशीने दुसरीला दिलेला निरोप या दोन्ही गोष्टी त्या एका टक्क्यावर चालतात. कॅल्शियमला धरून ठेवणारी काही प्रथिने मेंदूत असतात. उंदराच्या मेंदूत ती नेमकी कुठे आहेत याचा नकाशा कसा तयार झाला आणि तो वाचताना कोणती काळजी घ्यावी लागते, ते या लेखात पाहू.

सुरुवात लंडनमध्ये झाली. सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात केले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थंडावू लागले. नळाच्या पाण्यात जे होते आणि शुद्ध पाण्यात नव्हते, ते म्हणजे कॅल्शियम. रिंगर यांनी हे १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. कॅल्शियम केवळ बांधकामाचे साहित्य नाही, ते पेशीला हुकूमही देते, हे त्यातून प्रथम दिसले.

हुकूम ऐकू यायचा तर एरवी शांतता हवी. चेतापेशीच्या बाहेर जितके मुक्त कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच विश्रांतीच्या वेळी आत असतो. पेशी उत्तेजित झाली की दारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी कामाला लागते. पण ते आत साचून राहिले तर पेशीला धोका असतो. म्हणून त्याला बाहेर काढणारे पंप असतात आणि तोवर धरून ठेवणारी प्रथिनेही असतात. आपल्याला त्यांतील तीन प्रथिनांची ओळख करून घ्यायची आहे. गंमत अशी की तिन्हींपैकी एकाचाही शोध कोणी मेंदूचा नकाशा काढावा म्हणून घेतलेला नव्हता.

पहिले पार्वअल्ब्युमिन. हे मासे आणि बेडूक यांच्या स्नायूंतून मिळाले. कार्प माशाच्या या प्रथिनाची त्रिमिती रचना रॉबर्ट क्रेट्सिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताणून धरा. प्रथिनाची दोन मळसूत्री वळणे अशीच दिसतात आणि त्यांच्या बेचक्यात कॅल्शियम बसते. वळणांना ए ते एफ अशी अक्षरे दिलेली असल्याने या रचनेला ‘ईएफ हँड’ असे नाव पडले. वर्गात हाताने दाखवता येण्याजोगी प्रथिनरचना विरळाच!

दुसरे कॅल्बिंडिन. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट वासरमन आणि अ‍ॅलन टेलर मुडदुसाच्या विकारावर काम करीत होते. ‘ड’ जीवनसत्त्व नसलेल्या कोंबडीच्या पिलांना ते दिले, की आतड्यात एक नवे प्रथिन तयार होते, असे त्यांना १९६६ मध्ये आढळले. पुढे हेच प्रथिन मेंदूतही सापडले. तेथे मात्र ते ‘ड’ जीवनसत्त्वावर फारसे अवलंबून नसते. तिसरे कॅल्रेटिनिन. त्याचे जनुक जॉन रॉजर्स यांनी १९८७ मध्ये कोंबडीच्या पिलाच्या नेत्रपटलातून वेगळे केले. अशा रीतीने स्नायू, आतडे आणि डोळा या तीन वाटांनी आलेली प्रथिने मेंदूत एकत्र भेटली.

आता नकाशाचे तंत्र. शुद्ध प्रथिन दुसऱ्या प्राण्याला टोचले की त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. उंदराच्या मेंदूचे अतिशय पातळ काप घेऊन त्यांवर ही प्रतिपिंडे सोडायची. मग त्यांना चिकटणारे, सोबत विकर बांधलेले दुसरे प्रतिपिंड सोडायचे. विकराच्या क्रियेने तेथे तपकिरी रंग उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली जेथे तपकिरी, तेथे प्रथिन. गोल्गी यांच्या १८७३ च्या चांदीच्या क्षारांच्या पद्धतीत कोणती पेशी रंगेल हे जणू नशिबावर असे. येथे मात्र पेशीच्या आतील एक विशिष्ट रेणूच निवड करतो.

मार्को चेलियो आणि क्लाउस हाइत्समान यांनी १९८१ मध्ये पार्वअल्ब्युमिन हे काही ठरावीक चेतापेशींची खूण ठरते, असे दाखवले. १९८६ मध्ये चेलियो यांना आढळले, की उंदराच्या मस्तिष्क-बाह्यकात या पेशी गाबा हे रसायन सोडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या आहेत. १९८७ मध्ये जपानमधील संशोधकांनी हाइत्समान यांच्या सहकार्याने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील अतिशय वेगाने विद्युतस्पंद देणाऱ्या पेशींत हेच प्रथिन पाहिले. आणि १९९० मध्ये चेलियो यांनी पार्वअल्ब्युमिन व कॅल्बिंडिन यांचा उंदराच्या सबंध मज्जासंस्थेतील नकाशा सुमारे शंभर पानांच्या लेखात मांडला. कॅल्रेटिनिनचा नकाशा १९९२ मध्ये रेसिब्वा आणि रॉजर्स यांनी दिला.

परंतु नकाशा छापला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. कॅल्बिंडिन आणि कॅल्रेटिनिन यांच्या घडणीत निम्म्याहून अधिक साम्य आहे आणि वजनही जवळपास सारखेच. त्यामुळे एकाविरुद्ध केलेली काही प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटत. नेहमीची तपासणी अशी, की प्रतिपिंडात आधीच शुद्ध प्रथिन मिसळायचे. रंग गेला तर प्रतिपिंड खरे. पण विचार करा: दोघांनाही चिकटणारे प्रतिपिंड या मिश्रणात अडकून पडणारच, आणि रंग जाणारच! म्हणजे ही परीक्षा तोतयाही उत्तीर्ण होतो. खरी कसोटी पुढे आली. १९९७ मध्ये कॅल्बिंडिनचे जनुकच निकामी केलेले उंदीर तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. (मराठीत आपण रॅट आणि माऊस या दोघांनाही उंदीर म्हणतो. आधीचे नकाशे रॅटचे. हे प्राणी माऊस.) अशा उंदराच्या मेंदूत रंग उमटला तर तो निश्चितच खोटा.

या उंदरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. कॅल्बिंडिन नसलेले उंदीर जगले, पण त्यांच्या हालचालींतील सुसूत्रता बिघडली. पार्वअल्ब्युमिन नसलेले उंदीरही जगले. त्यांचे स्नायू सैल पडायला जास्त वेळ लागतो, असे १९९९ मध्ये दिसले. आणि ज्या पेशींत ते प्रथिन असायचे, त्या पेशी मेंदूत होत्याच. प्रथिन गेले, पेशी राहिली.

हे वाक्य साधे आहे, पण त्यावर बरेच अवलंबून आहे. एखाद्या रोगात तपकिरी पेशी कमी दिसल्या, तर ‘पेशी मेल्या’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करणाऱ्या एका अमेरिकन गटाने २००३ मध्ये दाखवले, की पार्वअल्ब्युमिनचा संदेश बाळगणाऱ्या पेशींची घनता घटलेली नव्हती. प्रत्येक पेशीतील संदेश क्षीण झाला होता. आत्ममग्नतेच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या शँक जनुकातील बदल असलेल्या उंदरांतही तपकिरी पेशी कमी मोजल्या गेल्या. मात्र या पेशींभोवती शर्करायुक्त रेणूंचे एक जाळे असते. वाटाण्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या बियांतून मिळणाऱ्या प्रथिनाने ते वेगळे रंगवता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ही जाळी जागच्या जागी सापडली. पेशी होत्या, त्यांतील प्रथिन घटले होते.

फरक किती मोठा आहे पाहा. मेलेली चेतापेशी परत आणता येत नाही. जिवंत पेशीतील प्रथिनाचे प्रमाण मात्र बदलू शकते, आणि म्हणून उपचाराची आशाही धरता येते. घराची पाटी दिसत नाही म्हणून घर पडले असे आपण म्हणत नाही. अंगणात दिवा आहे का ते पाहतो.

प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की आम्ही त्याला सुंदर रंगलेला काप दाखवतो आणि विचारतो, “जेथे रंग नाही, तेथे काय आहे?” बहुतेक जण “काही नाही” म्हणतात. योग्य उत्तर असे: “या प्रतिपिंडाला, या पद्धतीने, येथे काही सापडले नाही.” भूगोलाच्या नकाशातील कोऱ्या जागेबद्दल, किंवा हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणेबद्दल, हाच प्रश्न आपल्या वर्गातही विचारून पाहावा. मुले देतील ती उत्तरे ऐकण्यासारखी असतील.