शास्त्रदान आणि शाळेचं कपाट

कलबुर्गीहून आळंदला जाताना वाटेत कडगंची लागतं. दत्तभक्तांना ते सायंदेवांचं गाव म्हणून ठाऊक आहे. 'गुरुचरित्र' लिहिणारे सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले, आणि मूळ हस्तलिखित पोथी इथेच आहे अशी श्रद्धा आहे. २००९ साली स्थापन झालेलं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठही आज याच गावी आहे. म्हणजे एकाच गावात जुनी पोथी आणि विद्यापीठाचं ग्रंथालय! पण तिथवर पोचायची पहिली पायरी कोणती? प्राथमिक शाळेतलं पुस्तकांचं कपाट. मला बोलायचं आहे ते त्या कपाटाबद्दल.

भगिनींनो, पुस्तक जपणं आपल्याला कुणी शिकवायला नको. श्रुतपंचमीला आपण ग्रंथ झटकतो, नवी वेष्टनं घालतो, पूजा करतो. पण नुसतं जपून भागत नाही, हेही आपल्याच इतिहासात आहे. धवला टीकेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीच्या बसदीत शतकानुशतकं होत्या. यात्रेकरूंना दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. लिपी जुनी कन्नड, पानं झिजत चाललेली. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा १८९६ च्या सुमारास नक्कल सुरू झाली. ते काम करणाऱ्या गजपती शास्त्रींनी एक प्रत गुपचूप घरीही तयार केली, आणि त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हातभार लावला. ती प्रत बाहेर पडली, तिच्यावरून आणखी नकला झाल्या, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला भाग छापून काढला. आज तो ग्रंथ आपल्या हाती येतो, तो घराबाहेर पडलेल्या त्या प्रतीमुळे.

त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, अत्तिमब्बेंनी पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नसताना, हो! ग्रंथ टिकवायचा तर तो अनेकांच्या घरी गेला पाहिजे, हे त्या बाईंना पुरतं कळलं होतं.

आता शाळेकडे येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे. वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा. कपाट आलं, पुस्तकं आली, त्याबरोबर कुलूपही आलं. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत पुस्तकं इतकी कोरी आहेत, की पानं एकमेकांना चिकटलीत. गुरुजींनाही एकदम दोष देता येत नाही. साठ्याच्या वहीत एक पुस्तक कमी भरलं, तर तपासणीत उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. मग किल्ली खिशातच बरी, नाही का?

खरं तर काम केवढंसं आहे! एक वही, चार रकाने : मुलाचं नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. आठ दिवसांना एक पुस्तक. वही चौथीच्या मुलींच्या हाती द्या, त्या चोख ठेवतील. फाटलं तर खळ लावून चिकटवावं. आमच्या या सीमेवरच्या भागात कित्येक घरांत बोली मराठी आणि शाळा कन्नड. मुलीच्या दप्तरातून मराठी गोष्टीचं पुस्तक घरी आलं, तर तिची आईही वाचते, आजी ऐकते. एक पुस्तक तीन पिढ्यांना पुरतं. आणि परत करणं? आठ दिवस मनापासून आपलं मानायचं आणि मग दुसऱ्यासाठी सोडायचं. अपरिग्रहाचा याहून सोपा धडा लहान मुलाला कोणता देणार?

म्हणून माझं एक मागणं आहे. येत्या श्रुतपंचमीला मंडळातर्फे जवळच्या शाळेला गोष्टींची पुस्तकं द्या. पण सोबत एक चिठ्ठीही द्या : हरवतील, फाटतील तेवढी पुस्तकं दरवर्षी आम्ही भरून देऊ, मुलांकडून भरपाई घेऊ नये. ती चिठ्ठी हाती असली, की गुरुजींना किल्ली खिशात ठेवायचं कारण उरणार नाही. शास्त्रदान ते हेच.