आदमच्या वंशात अर्जुन? जावाच्या सुलतानांची अजब वंशावळ

इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या 'बाबाद तानाह जावी' या बखरीत राजवंश थेट आदमपासून सुरू होतो. पुढे त्याच वंशात बतारा गुरू, म्हणजे शंकर, येतात. मग अर्जुन, परीक्षित, मजापहितचे हिंदू राजे आणि शेवटी मातारामचे मुस्लिम सुलतान!

यामागे राजकारण होतं. १६व्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलेलं माताराम घराणं नवं होतं. दरबाराचा धर्म इस्लाम, पण लोकांच्या मनात पांडव. जुने देव नाकारले तर गादीचा वारसाच तुटणार. म्हणून देवांनाच आदमचे वंशज ठरवलं. देमाकचा पहिला सुलतान रादेन पताह हाही बखरीत मजापहितच्या शेवटच्या राजाचा मुलगा आहे. म्हणजे गादी घरातच राहिली!

१६३३ मध्ये सुलतान आगुंगने कालगणनाही अशीच जुळवली. महिने इस्लामी, वर्षाचा आकडा मात्र शकाचाच: १५५५.