आत्याच्या खानावळीतले दादा

नेटफ्लिक्सवरचा ‘मुंबई माफिया’ हा २०२३चा माहितीपट चकमकफेम पोलिसांभोवती फिरतो. आमच्या घरी मात्र टोळ्यांची गोष्ट सुरू व्हायची तालमीपासून. आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या लेखी दादा म्हणजे तांबड्या मातीत पोरं घुमवणारा, चाळीतली भांडणं मिटवणारा, गणपतीची वर्गणी काढणारा आणि जॉबरकडे शब्द टाकून गावाहून आलेल्या पोराला बदलीत चिकटवणारा माणूस. घोडपदेवच्या केशवदादा बोरकरांचं नाव त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. १९२८-२९च्या संपांच्या काळात हे बोरकर कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या विरोधात उभे होते. हा भाग आजोबा घाईघाईनं उरकायचे.

आत्याचा सूर वेगळा. भायखळ्याला तिची खानावळ होती. जेवणारे सगळे गिरणीवाले, पगार झाला की महिन्याचे पैसे. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रोजच्या ताटाची एक रेघ. दादाच्या पोरांचीही नावं होती, रेघाही होत्या. जमेचा रकाना तेवढा कोरा. “मागायला कोण जाणार? आणि रात्री कुणी पिऊन दारात आला, तर हाकलायला तेच धावायचे,” हे ती एका दमात सांगायची. टोळीचा इतका चोख हिशेब मी कुठल्याही माहितीपटात पाहिलेला नाही.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले, आत्याची गिऱ्हाइकं गावी गेली, पातेली मोडीत गेली. संपामुळे टोळ्या जन्मल्या असं हल्ली सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. रामा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी ही नावं भायखळ्यात त्याआधीच ऐकू येत होती. संपानं त्यांना पोरं पुरवली. बापाच्या जागी गिरणीत लागायचं म्हणून शाळा सोडलेली पोरं नाक्यावर उभी होती, आणि ती जागाच उरली नव्हती. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातल्या घरातला एक मुलगा असाच टोळीत जातो.

पुढे भांडण वर्गणीचं राहिलं नाही, गिरण्यांच्या जमिनीचं झालं. १९९४मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ गोळ्या घालून मारलं, त्या दिवशी आजोबांनी पेपर दोनदा वाचला आणि तालमीचा विषय काढला नाही. २००४ला तर गवळी चिंचपोकळीतून आमदार झाले.

गवळींच्या दगडी चाळीतलं नवरात्र मात्र आत्यानं चुकवलं नाही. ओटी भरायला जायचीच. घरात कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, “देवीनं कुणाचं काय केलंय?” परतल्यावर आधी मूर्तीचं कौतुक, मग साडीचा रंग, आणि मग साध्या वेशातले पोलीस कुठे कुठे उभे होते, ते सविस्तर.