मालगुडीचा चेहरा, आगुंब्याचा पाऊस

ज्यांच्या घरी १९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शन संच होता, त्यांना ‘मालगुडी डेज’ची ओळख करून द्यायला नको. एल. वैद्यनाथन यांची ती सुरावट कानी पडली, की हातातलं काम टाकून माणसं संचासमोर येऊन बसत. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं पडद्यावर येत आणि मग भेटणारा स्वामी, त्याचे दोस्त, त्याचे करडे वडील, सगळी आपल्याच आळीतली वाटत. मालगुडी नावाचं गाव नकाशात नाही हे ठाऊक असूनही, ते कुठंतरी असणार असं वाटत राही.

या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण जिथं झालं, ते गाव मात्र नकाशात आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसलेलं आगुंबे. मी तिथं गेलो तो ऐन जुलैत. तीर्थहळ्ळी सोडल्यावर बसच्या काचेबाहेर पाणी आणि धुकं याखेरीज काही दिसत नव्हतं. गावात उतरलो, तर समोरची घरंसुद्धा धुक्यातून एकेक करून पुढं येत होती. उतरत्या छपरांची कौलारू घरं, लाकडी खांब, ओसऱ्या आणि सगळ्यांवर शेवाळाची हिरवी साय.

आगुंब्याला ‘दक्षिणेची चेरापुंजी’ म्हणतात. आपल्या आंबोलीचीच ही थोरली बहीण म्हणा ना! दोन्हीकडं कारण एकच. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि कडेवरच रिते होतात. इथं वर्षाकाठी सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९४६ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात तो ४,५०८ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. मुंबईत दोन वर्षांत पडावा, जवळजवळ तेवढा एका महिन्यात! या मुलखाचं नाव मलेनाडू. कानडीत ‘मले’ म्हणजे डोंगर आणि ‘मळे’ म्हणजे पाऊस. ल आणि ळ यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. आगुंब्यात उभं राहिलं, की तो फरकही पुसल्यासारखा वाटतो.

आता गंमत पाहा. आर. के. नारायण यांचं मालगुडी अशा पावसाचं गाव नव्हेच. ते दक्षिणेकडच्या मैदानातलं, उन्हाचं, धुळीचं गाव. उन्हाळ्यात शरयू नदीचं वाळवंट उघडं पडावं, असं. १९३० साली कथानक सुचलं, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आलं ते मालगुडीचं छोटं रेल्वे स्टेशन, असं नारायण यांनी लिहून ठेवलं आहे. आगुंब्याला तर रेल्वेच नाही. त्यामुळं स्टेशनातली दृश्यं दूर अरसाळूच्या स्थानकावर चित्रित करावी लागली.

मग या गावाचं मालगुडी झालं कसं? त्यासाठी आणखी थोडं मागं जायला हवं. नारायण यांच्या ‘गाइड’ कादंबरीवर १९६५ साली हिंदी चित्रपट आला. आपण उभं केलेलं वातावरण निर्मात्यांना दाखवावं, म्हणून नारायण यांनी त्यांना म्हैसूरच्या परिसरात हिंडवलं होतं. प्रत्यक्षात चित्रपट गेला राजस्थानात, उदयपूरच्या महालांकडं. चित्रपट गाजला, पण लेखकाची खंत गेली नाही. त्यांनी त्यावर एक खट्याळ लेखही लिहिला. छोट्या गावाची गोष्ट भव्य झाली, हे त्यांचं दुखणं होतं.

वीस वर्षांनी शंकर नाग यांनी हे बरोबर हेरलं असावं. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटासाठी काम केलेला हा कानडी कलावंत. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांच्यासह त्यांनी इथं मालगुडी उभं केलं. हवामान जुळत नव्हतं, नदी जुळत नव्हती; जुळत होतं ते माप. एक रस्ता, दुतर्फा घरं आणि एका ओसरीवर बोललेलं पलीकडच्या ओसरीवर ऐकू जावं एवढंच अंतर. चित्रीकरण झालेलं ‘दोड्ड मने’, म्हणजे ‘थोरलं घर’, आजही तिथं आहे. शंभरहून अधिक वर्षांचा हा वाडा, मधला चौक, काळेभोर खांब. त्या चौकात पागोळ्या पाहत बसलं, की स्वामीची गोष्ट इथंच घडली असं वाटतं. या वेळी नारायण यांची तक्रार नव्हती. मालिका मूळ कथांना धरून आहे, याचं त्यांना समाधान होतं.

पुढं शंकर नाग १९९० साली अपघातात अकाली गेले. नारायण २००१ मध्ये गेले. त्यांचे धाकटे बंधू लक्ष्मण २०१५ मध्ये पुण्यात. अरसाळूच्या जुन्या स्टेशनात २०२० साली मालगुडी संग्रहालय उभं राहिलं. कल्पनेतल्या गावाला खरंखुरं संग्रहालय मिळालं!

पण आगुंब्यात हिंडताना मला एक गोष्ट टोचत राहिली. आपण सारे इथं येतो ते स्वामीचं घर विचारत. या मातीचा स्वतःचा लेखक याच तालुक्यात, कुप्पळीला वाढला, हे किती जणांना ठाऊक असतं? कुवेंपू त्यांचं नाव. कन्नडला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ ची आणि कुवेंपूंची ‘कानूरु हेग्गडिती’ १९३६ ची. एकीत कल्पनेतलं गाव, दुसरीत या डोंगरातली खरी घरं, खरी शेतं, खरी दुःखं. स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कार्नाड (जन्म आपल्या माथेरानचा) यांनीच पुढं १९९९ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. कुप्पळीचं कुवेंपूंचं घरही आज संग्रहालय आहे. आगुंब्याला जाणाऱ्यानं ते चुकवू नये.

आणि गावाबाहेरचं जंगल? ते तर दोन्ही कादंबऱ्यांहून जुनं. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७१ मध्ये इथं नागराज म्हणजे किंग कोब्रा पाहिला आणि २००५ मध्ये इथंच वर्षावन संशोधन केंद्र सुरू केलं. पानांचा ढीग रचून त्यात अंडी घालणारा हा एकमेव साप. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतला नागराज ही वेगळी जात असल्याचं मांडलं आणि तिला इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव दिलं: कालिंग.

मालगुडीनं आगुंब्याला प्रसिद्धी दिली, यात शंका नाही. पण आगुंब्यानं मालगुडीला चेहरा दिला, आणि तो चेहरा घडवला होता या पावसानं, या जंगलानं, कौलांखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी. कौलं गेली, झाडं गेली, तर उरेल ते फक्त चित्रीकरणाचं ठिकाण. तशी ठिकाणं पुष्कळ आहेत. आगुंबे एकच आहे.